पोसलेला हात

“तेव्हाच का आला नाहीत?” डॉक्टरांनी विचारलं.

रकियाची मान खाली गेली. आठ महिन्यांपूर्वी फरशीची कपची तिच्या नवऱ्याच्या, इद्रिसच्या, उजव्या मनगटात घुसली, तेव्हा कारागिरांच्या घरच्या रीतीप्रमाणे तिनेच जखमेवर मूठभर कॉफीची पूड दाबली होती. रक्त थांबलं. जखम भरून आली. आत तुटलेल्या नसेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

“कॉफी मीच दाबली,” तिचा नवरा पटकन म्हणाला. “अक्कल गहाण टाकली होती.”

डॉक्टरांनी त्याच्या अंगठ्याजवळचा खळगा चाचपला. त्यात एखादं ऑलिव्ह सहज मावलं असतं.

“पण मी रोज मांस खाऊ घालते,” रकिया म्हणाली.

“नसेचा सांगावा येईनासा झाला, की स्नायू आपलीच प्रथिनं मोडून खातो, बाई. कितीही पोसा, हा हात आता भरायचा नाही.”

चाळीस वर्षं त्या हाताने फेझ शहरातल्या मशिदींसाठी फरशीच्या चांदण्या घडवल्या होत्या. रकियाला भर दवाखान्यात रडू कोसळलं.

घरी येऊन तिने तरीही मटण रांधलं. एकच ताट मध्ये ठेवून दोघं बसली.

“अगं, चहा टाक की,” इद्रिस म्हणाला. “ईदच्या बोकडासारखं चारतेस, घोटभर प्यायला तरी दे!”

जेवायला बसलं की रोज याचं काहीतरी निघायचंच. ती परत येईपर्यंत मटण संपलेलं असायचं. तिला तेवढंच बरं वाटायचं.

आज चहात घालायचा पुदिनाच संपला होता. ती लगेच मागे फिरली.

इद्रिस डाव्या हाताने भराभर जेवत होता. तिला पाहताच त्याने घास टाकून दिला आणि हात मागे लपवला. डाव्या हाताने खाल्लं म्हणून याच ताटावर त्याने नातवंडांना चापट्या मारल्या होत्या. आजाऱ्याला सूट असते, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. इद्रिसला ती सूट नको होती, बायकोसमोर तर नकोच. पण उजव्या बोटांत पावाचा तुकडा ठरत नव्हता.

रकिया समोर बसली. तिने आपला धडधाकट उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्याने पाव मोडला आणि रश्शात बुडवला.

“अहो, मीठ कमी पडलंय,” घास चावत ती म्हणाली. “बघा तरी खाऊन.”