दोरीखालची कोरडी परात

"बाळ निजतं त्या खोलीत दोरी बांधू नकोस गं," सासूबाईंनी गावी जाताना बजावलं होतं. "अहो आई, ओलाव्याला काय पाय फुटतात?" म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं. ते हसणं आता तिला जन्मभर पुरणार होतं.

आठवडाभर ऊन नव्हतं आणि लंगोट संपत आले होते. तिनं धुतलेलं एकेक झबलं-लंगोट कोरड्या टॉवेलात गुंडाळलं, गुडघ्यानं दाबून पाणी काढलं, पाळण्यावरच्या दोरीला टांगलं आणि पंखा सोडला. उरलंसुरलं पाणी गळेल म्हणून खाली परातही ठेवली.

दहा मिनिटांत सगळं कडकडीत वाळलं. परातीत थेंब नव्हता. "एवढ्या वेळात तर माझा चहासुद्धा निवत नाही," नवरा म्हणाला. दोघं खूश झाली. मग रोज तेच सुरू झालं.

चौथ्या दुपारी लेकीला उचलताना तिचे हात खाली ओढले गेले. पोर भलतीच जड लागत होती. लंगोट कोरडा होता, कपाळ मात्र गार होतं.

तिनं तिला खांद्यावर घेतलं, तेव्हा आत काहीतरी हिंदकळलं. तिनं पंखा बंद केला, श्वास रोखला आणि तिला पुन्हा हळूच हलवलं. पुन्हा तोच आवाज आला, भरलेली बादली उचलल्यासारखा.

लेक झोपेत हसली. तिच्या श्वासाला साबणाचा वास होता.

त्या आईचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याकडेही आज कपडे घरातच वाळत असतील, तर वाचणं इथंच सोडा. त्या खोलीत जे कुणी निजलं असेल, त्याला आधी उचलून बघा.