चांदणी

“नावाची शेपटी, म्हणजे एक्सटेंशन, तपासल्याशिवाय एकही फाइल मशीनला द्यायची नाही, अस्मिताबेन,” असं लक्ष्मीकांतसर म्हणाले होते. तिने मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, त्या फोल्डरमध्ये दुसरं असणार तरी काय?

दुसरं होतं. मकरपुऱ्याच्या त्या पत्रे कापायच्या कारखान्यात फायलींची नावं एकेक करून कुणी टाइप करत नाही. अस्मिताने लिहिलेल्या स्क्रिप्टचं, म्हणजे फायली मशीनला पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, नाव लिहायचं, पुढे चांदणी (*) मारायची, की फोल्डरमधलं सगळं एका दमात मशीनकडे. गेल्या आठवड्यात त्यात जुन्या मापाची एक बॅकअप फाइलही गेली, आणि अख्खा स्टीलचा पत्रा भलत्याच जागी भोकं पाडून बाहेर आला. आज पुन्हा तसं झालं, तर बाळंतपणानंतर हाती आलेलं हे पहिलंच काम दुसऱ्याकडे जाणार. सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

नवा पत्रा चढला. ऑपरेटर धनाजीराव कीबोर्डपाशी बसले.

“बेन, चांदणीच मारतो हं. हाताला वळणच पडलंय.”

“मारा ना,” अस्मिता म्हणाली.

“आणि फोल्डरमध्ये तुमच्या स्क्रिप्टसाठी जरा नाश्ता ठेवलाय.”

“धनाजीराव, आज मस्करी नको,” मागून सर म्हणाले.

“मस्करी कसली, साहेब? परीक्षा घ्यायची तर बराबर घ्यावी ने!”

त्यांनी एंटर दाबलं.

पहिलीच ओळ आली: सेवउसळीचा फोटो, मशीनची फाइल नाही, वगळला. सरसुद्धा हसले. मग खरी फाइल, .nc शेपटीची: घेतली. त्यानंतरचं नाव वाचायला मात्र अस्मिता पडद्याकडे झुकली. तीच जुन्या मापाची फाइल. नावाच्या मध्ये .nc होतं आणि अगदी टोकाला .bak, म्हणजे बॅकअप. धनाजीरावांनी मुद्दामच घातली होती. मधलं पाहून कुणीही फसावं अशी.

‘शेवटच्या टिंबानंतरचं काय ते बघ.’ तो पत्रा वाया गेल्यावर घरी मुलीला मांडीवर थोपटत, एका हाताने तिने स्क्रिप्टमध्ये ती ओळ लिहिली होती.

पडद्यावर उमटलं: वगळली.

मशीन सुरू झालं. ठिणग्या उडाल्या, थांबल्या. धनाजीरावांनी पहिला तुकडा उचलला, एकेका भोकाला माप लावलं, पुन्हा लावलं आणि कॅलिपर टेबलावर ठेवून दोन्ही हात वर केले.

“हरलो, बेन! तुमची स्क्रिप्ट माझ्या सासूपेक्षा कडक निघाली.”

“दुसऱ्या मशीनवर कधी लावता?” सरांनी विचारलं.

“आत्ता,” ती म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन थरथरला. नीलचा, तिच्या नवऱ्याचा मेसेज. आज पहिल्यांदाच तो लेकीबरोबर घरी एकटा होता. ‘ती मजेत आहे. माझं काही खरं नाही.’

एरवी ती तशीच रिक्षाकडे धावली असती. आज तिने फोन पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या मशीनपुढे खुर्ची ओढली.

वाचकहो, तुमच्याकडे तिचं एवढंच मागणं आहे: तिच्या घराकडे, वासण्याच्या बाजूला जाणार असाल, तर जरा घरी डोकावून या. लेकीची काळजी नाही. नीलच्या पोटात सकाळपासून चहा तरी गेलाय का, तेवढं बघा.