मरियमबीकडे जायचा रस्ता

मरियमबी गेली, हे तिच्या सुनेने, शहनाझने फोनवर सांगितलं तेव्हा सत्यभामाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि मुलाला म्हणाल्या, “वासुदेव, आता तरी नेशील ना मला तिच्याकडे?”

वासुदेवने गाडीची किल्ली घेतली.

शारजात दोघी वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहिल्या. सत्यभामाबाई कोल्हापूरच्या, मरियमबी चिपळूणची. जिना उतरून किराण्याचं दुकान ओलांडलं की समोर मरियमबीचं दार. इकडून थालीपीठ जायचं, तिकडून सांदण यायचं.

मग दोघींच्या मुलांनी दुबईबाहेर, वाळवंटात नव्याने उठलेल्या वसाहतींत घरं घेतली. एकाने एकीत, दुसऱ्याने दुसरीत. तिथे पायी जाण्यासारखं काही नव्हतंच. दूध आणायलाही गाडी. मरियमबीला कमी ऐकू यायचं. फोनवर नुसतं “बरी आहेस ना?” एवढंच ओरडून व्हायचं. सत्यभामाबाई दर आठवड्याला विषय काढायच्या. दुबईतल्या ऑफिसातून दमून आलेला वासुदेव म्हणायचा, “लांब आहे गं आई. पुढच्या रविवारी, इन्शाल्ला.” रविवार येत राहिले. वर्ष उलटलं.

गाडी वसाहतीच्या एकुलत्या एका फाटकातून निघाली, हायवेला लागली, पुलावरून वळून उलटी फिरली. दुसऱ्या वसाहतीच्या फाटकाशी चौकशी झाली. पुढे नुसते वळणावळणाचे रस्ते, सगळे सारखे. अर्धा तास गेला.

शहनाझ दारातच गळ्यात पडली. मग त्यांना वर सासूच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीशी खुर्ची होती. सत्यभामाबाई तिच्यावर टेकल्या आणि बाहेर बघत राहिल्या. खाली अंगण, मग वसाहतीची उंच भिंत. भिंतीपलीकडच्या गच्चीवर एक हिरवी इरकली साडी वाऱ्यावर हलत होती. सकाळीच त्यांनी स्वतः ती वाळत घातली होती.

वासुदेवनेही ती पाहिली.

शहनाझला यातलं काहीच कळलं नाही. “अम्मी दिवसभर इथेच बसायच्या, मावशी,” ती डोळे पुसत म्हणाली. “नजर अधू झाली होती. समोरच्या गच्चीवर कुणी बाई आली की हात हलवायच्या. म्हणायच्या, आपल्याकडचीच दिसते कुणीतरी. हिच्याशी ओळख झाली असती, तर सत्यभामेची एवढी आठवण आली नसती.”