फिरायला आलेल्या बाया

रामकिशननं बागेच्या फाटकात काठी आडवी धरली.

"घागरी बाहेर."

"घागर आहे कुठं?" कोकिळानं विचारलं.

त्यानं तिच्या मागं पाहिलं. ओढ्याकाठच्या वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. रोज कमरेवर घागर घेऊन येणाऱ्या आणि रोज रिकाम्या परत जाणाऱ्या. आज त्यांनी लग्नाकार्याची लुगडी नेसली होती, केस तेल लावून चापून बसवले होते. प्रत्येकीच्या हातात फिरकीचा तांब्या होता, एसटीनं गावाला जाताना नेतात तसा. सरजाबाईचा तर ऊसतोडीला जाऊन जाऊन चेपलेला. कोकिळाच्या कडेवर तिची तीन वर्षांची लेक विशाखा होती, हगवणीनं वाळून काडी झालेली.

"मग हे काय हाय?"

"तांब्या. फिरायला आलोय आम्ही. तहान लागली तर?"

फाटकावर नगरपालिकेची पाटी होती. घागर, हंडा, कळशी आत आणण्यास मनाई आहे. कोकिळानं ती काल इथंच उभं राहून पुन्हा पुन्हा वाचली होती. आता रामकिशननंही मान वळवून वाचली. तांब्या तिच्यावर नव्हता.

"हे तुमचंच डोकं दिसायलंय, कॉलेजवाल्या बाई."

"डोकं माझं. तांबे ज्याचे त्याचे."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. काठी खाली आली. आत शिरताना म्हाताऱ्या झुंबरबाईनं त्याला मोठ्यानं जयभीम घातला. त्यानं खालच्या आवाजात रामराम म्हटलं.

वस्ती झिऱ्यांवर जगत आली होती. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पाणी निवळलं की वाटीवाटीनं भरायचं. बहात्तरच्या दुष्काळातही झिऱ्यांनी दगा दिला नव्हता. पण वरच्या अंगाला सरकीच्या तेलाची गिरणी सुरू झाली, गावाची गटारंही तिथंच सोडली, आणि झिऱ्यांवर तवंग येऊ लागला. कोकिळा दोनदा उकळी, फडक्यातून गाळी, तरी विशाखाच्या ओठाला भांडं लावताना तिचा हात अडे. सरजाबाईच्या नातवाला सलाईन लावताना डॉक्टर म्हणाले होते, "लेकरांना नळाचं पाणी द्या. दरवेळी मला वाचवता येईलच असं नाही." जवळचा नळ बागेतला. झाडांसाठीचा.

पहिला तांब्या झुंबरबाईचा भरला. पाणी काठाला आलं तशी तिनं फिरकी घट्ट आवळली.

शेजारच्या बाकावर एक बाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आधीच त्या ओढ्याचा वास. त्यात आता ही वस्तीच आत आली."

कोकिळानं नळ बंद केला.

"ओढा आधी तुमच्या घरांमागून येतो, वहिनी. मग आमच्याकडं."

बाईंनी पदर काढला, पुन्हा लावला. कोकिळानं नळ परत सोडला.

भरून झालं. बाया फाटकाकडं वळल्या तर रामकिशन हसत आडवा आला.

"असं कसं? फिरायला आलाव ना? मग फिरा की! न्हाईतर साहेबाला सांगतो, पाण्यालाच आलत्या म्हणून."

साहेबाला कळलं तर उद्या पाटीवर तांब्याही चढेल. कोकिळानं विशाखाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"फिरू की," ती म्हणाली आणि निघाली.

गुलाबाच्या वाफ्यांवरून, कोरड्या कारंज्यावरून, घसरगुंडीमागून बाया ओळीनं चालल्या. तांबे जड, आणि पाय शेताच्या वाटेवरचे, झपाझप.

"हळू गं," सरजाबाई म्हणाली. "फिरायलोत आपुन. खुरपायला न्हाई चाललो."

सगळ्या हळू झाल्या. एकीनं वाकून गुलाबाला नाक लावलं, तसं दुसरीनंही लावलं. पहिली फेरी हसू दाबण्यात गेली. दुसऱ्या फेरीत दाबलंच नाही कुणी. घसरगुंडीवरची पोरं खेळ थांबवून बघत राहिली. रामकिशन काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तिसऱ्यांदा त्याच्या समोरून जाताना कोकिळा म्हणाली, "उद्या पण येणार हो आम्ही. फिरायची सवय लागली."

त्यानं रस्त्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"उन्हं कलल्यावर या," तो पुटपुटला. "साहेब तवर घरी गेलेला असतो."

झुंबरबाईचे पाय भरून आले होते. भिंतीलगतचं एक बाक रिकामंच होतं. ती त्यावर टेकली, तांब्या मांडीवर घेतला. कोकिळा तिच्याशेजारी बसली, आपल्या तांब्याची फिरकी उघडली आणि विशाखाच्या ओठाला तांब्या लावला. पोरगी प्यायली. दम घेतला, पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. कोकिळानं ते पुसलं नाही.

घरी निघालेल्या त्या मघाच्या बाई बाकापाशी थबकल्या. नवरा पुढं गेला होता. आता त्यांचा आवाज जरा मऊ होता.

"आजी, या बाकावर नका बसू. भिंतीपलीकडं ओढाच आहे. कुणीच बसत नाही इथं, फार वास मारतो."

झुंबरबाईनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"कसला वो बाई?" तिनं विचारलं.