शेजारी शेजारी दोन पट्ट्या

"काढून टाक ती तुझ्या बाबाची पट्टी," आई म्हणाली. "माझ्या एकटीच्या पट्टीवर चालतोय ना कॉम्प्युटर?"

लेक ऐकेल तर शपथ! एक रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी आईच्या जुन्या कॉम्प्युटरमधली आणि दुसरी, वेगळ्या घरी राहायला गेलेल्या बाबाच्या कॉम्प्युटरमधली. दोन्ही तिने एकाच मदरबोर्डवर शेजारी शेजारी बसवल्या होत्या. पण व्होल्टेज ऑटोवर ठेवलं की बोर्ड फक्त आईच्या पट्टीला लागतं तेवढंच, कमी द्यायचा. मग बाबाची पट्टी मध्येच मान टाकायची आणि सगळंच ढुस्स!

पडद्यातून आलेलं दुपारचं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. ते बघता बघता लेकीला वाटलं, त्या दोघी पट्ट्या आत मदरबोर्डच्या हिरव्यागार अंगणात बसल्यात आणि कुणीतरी आपल्याला बोलतं करेल म्हणून वाट बघतायत. तिने ऑटो काढलं, मॅन्युअल निवडलं आणि व्होल्टेजचा आकडा जरासा वर नेला.

"म्हणजे जास्तीचं सोसायचं ते माझ्याच पट्टीने!" आईने टोमणा मारलाच.

"सोसते गं ती. बनवणाऱ्यांनीच लिहिलंय तसं."

पंखा गुणगुणायला लागला. स्क्रीन उजळली आणि दोन्ही पट्ट्यांची मेमरी मिळून एकच आकडा दिसला. लेक श्वास रोखून बघत राहिली. काहीही बंद पडलं नाही.

आई तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "त्याच्या पट्टीला पुरतंय ना गं तेवढं?"