बुजरीच्या अंगावरील कुसळे

पहाटेच्या धुक्यात रायभान गुडघ्यांवर बसून बुजरीच्या लोकरीत एकेक कुसळ खोवीत होता. बुजरी ही त्याची काळी मेंढी. पायाने अधू झाल्यामुळे ती महिनाभर दारातच बांधलेली होती. वालूरचा माळ अद्याप निद्रिस्त होता. कळपाच्या उच्छ्वासांची वाफ धुक्यात मिसळत होती आणि मेंढ्या कोठे संपतात व धुके कोठे आरंभते, हे उमगत नव्हते.

वीस कुसळे लावून झाल्यावर तो घोंगडीत शिरला व त्याने झोपेचे सोंग घेतले.

उन्हाचा पहिला कवडसा दारात पडला, तेव्हा त्याची पाच वर्षांची ठकू डोळे चोळीत बाहेर आली. श्रावणातल्या तापाने तिचा उजवा हात लुळा पाडला होता. "औषध संपले. आता पोरीच्या बोटांना कसरत पाहिजे," असे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले होते. रायभानास कसरत म्हणजे तालमीतले जोर आणि बैठका एवढेच ज्ञात होते. बोटांकडून बैठका कशा काढवाव्यात, या विवंचनेत तो आठ दिवस कळपामागे हिंडला. नवव्या दिवशी ठकूने आपण होऊन बुजरीच्या अंगावरचे एक कुसळ लुळ्या हाताच्या चिमटीत धरले. ते निसटले. तिने पुन्हा धरले. त्या दिवशी रायभानास वाट सापडली. बुजरीच्या अंगावरची कुसळे सरली, तेव्हापासून तो रोज नवी लावीत असे.

ठकूने हात लोकरीत बुडविला. अंगठा बोटाच्या दिशेने निघाला. स्वप्नातला मनुष्य चालतो तसा, चालूनही न पोहोचणारा. अखेर पोहोचला.

"बाबा, निघालं! आनखी एक निघालं!"

चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हाळसाबाई हे पाहत होती.

"अवो, दारात बांधलेल्या मेंढीला रोज कुसळं कुठून लागायलीत? रातच्याला पंख फुटून चरायला जायलीय का ती?"

रायभान उठून बसला. "मी लावायलोय."

"येड लागलंय तुमाला! चार दिवसांवर कातरणी आली. सणगर कुसळाची लोकर हातात तरी धरंल का? म्हनंल, घोंगडी इनू का काट्याची कुपाटी? पोरीच्या घोंगडीसाठीच ही लोकर राखलीय ना आपुन?"

"घोंगडी पुढल्या साली बी व्हईल, म्हाळसे. हाताचं पुढल्या सालावर ढकलू नका, असं डॉक्टर म्हणला."

म्हाळसाबाई उठली. कोपऱ्यात त्याने जपून ठेवलेली कुसळी गवताची पेंढी तिने उचलली आणि चुलीत कोंबली. क्षणभर भडका उडाला. मग नुसती राख.

त्या दिवशी रायभान कळपामागे गेला. परंतु त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते. गवत पुष्कळ होते, तथापि ते घरी नेण्याचे धैर्य त्यास होत नव्हते. थंडीत कुडकुडणारी ठकू आणि हात लोंबकळणारी ठकू, अशा दोन ठकू त्याच्या डोळ्यांपुढे आळीपाळीने येत राहिल्या. सायंकाळी तो रिक्तहस्ते परतला.

दुसऱ्या दिवशी धुके अधिकच दाट होते. रायभान सवयीने उठला आणि बुजरीजवळ जाऊन बसला. हातांना काम नव्हते, म्हणून तो तिची पाठ कुरवाळू लागला. लोकर मऊ लागली. त्याने बोटे खोल घातली, आणि टोचले.

तो थबकला. आणखी चाचपले. कुसळे मानेखाली होती, पोटाच्या कडेला होती, अगदी केसांच्या मुळाशी दडवलेली.

त्याने मागे वळून पाहिले. म्हाळसाबाई भाकरी थापीत होती. तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत दवाने ओलेचिंब झाले होते.

"तुमची वरवर असत्यात," मान वर न करता ती म्हणाली. "पोरगी नुसती टिपून घेती. बोटं आत शिरायला पायजेत."