चौथा एक्सल

मोडलेल्या एक्सलचे दोन तुकडे धाकट्याने दादाच्या लेथशेजारी ठेवले. वर्षभरातला हा तिसरा.

"पुन्हा तिथेच?" दादाने तुकड्यावरून अंगठा फिरवला. "लोखंडच हलकं येतंय रे हल्ली. पूर्वीचा माल राहिला नाही."

धाकट्याची प्रवासी जीप इतकी जुनी होती, की तिचा एक्सल बाजारात मिळणंच बंद झालं होतं. दादा तो कातून द्यायचा. पण आज सकाळी धाकट्याने हे तुकडे गुपचूप दुसऱ्या एका टर्नरला दाखवले होते. त्याने भिंग लावून पाहिलं.

"लोखंड उत्तम आहे. दांडा जाड होतो ना, तिथे गोलाई हवी. इथे हत्याराची रेघ राहिलीय, केसाएवढी. तिथूनच तडकतो. कोणी कातलाय? त्याला दिसत नाही का? नवा मी देतो करून."

धाकटा तुकडे उचलून निघून आला होता. बाप गेल्यावर दादाने याच लेथवर त्याला वाढवलं होतं. आता एक्सल दुसऱ्याकडून करून घ्यायचा, तर कोणत्या तोंडाने?

"दादा, तुझे डोळे एकदा दाखवून—"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" दादाने नवा दांडा लेथवर चढवला.

वहिनी चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. दादाने माप लावलं की ती पुटपुटायची, "तीस पूर्णांक दोन." दादा ऐकू न आल्यासारखा हँडल फिरवायचा, बरोबर तेवढंच. धाकटा तिच्याकडे बघत राहिला. तिने हळूच मान हलवली, बोलू नकोस.

मापं वाचून सांगता येत होती. रेघ तिलाही दिसत नव्हती.

एक्सल तयार झाला. धाकट्याने त्यावरून नख फिरवलं. त्याच जागी ते अडकलं.

"कसा झालाय?"

"एकदम फर्स्टक्लास, दादा."

दुसऱ्या दिवशी नव्या एक्सलचा आवाज ऐकायचा म्हणून दादा जीपमध्ये पुढे येऊन बसला. वहिनी मागे, बायकांत. घाटाच्या पायथ्याशी धाकट्याने गाडी थांबवली. गेल्या वेळी याच चढावर एक्सल मोडून गाडी मागे घसरली होती. सात माणसं होती आत. कठडा होता म्हणून वाचली.

"सगळे उतरा. चढ संपेपर्यंत चालत या."

"अरे, आम्ही जीपने चाललोय, का जीपला पोचवायला चाललोय?" एक म्हातारा म्हणाला. बोचकी सावरत, कुरकुरत सगळे उतरले.

दादा हलला नाही.

"दादा, तूही उतर."

"मी कशाला उतरू? माझ्या हातचा एक्सल आहे."

"दादा, ऐक ना. एवढा चढ फक्त."

"का? काय झालंय एक्सलला?"

सांगायचं तर आत्ताच, हे धाकट्याला कळत होतं. दादा खिडकीबाहेर हात काढून आरामात बसला होता. लहानपणी दादा त्याला सायकलवर पुढे बसवून न्यायचा, तेव्हा याच हाताने धरायचा.

"काही नाही," धाकटा म्हणाला. त्याने पहिला गिअर टाकला आणि आरशात पाहिलं.

वहिनी रस्त्याकडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलत होती. तो छातीशी धरून ती मागच्या चाकाला अगदी लागून उभी राहिली, आणि तिने त्याला खूण केली, चल.